यावरून सहज दिसते की…

बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सोडवलेल्या उदाहरणांतून अवघड संकल्पना समजावणारं त्यांचं जाडजूड पुस्तक गावभरच्या पोरांकडे होतं. त्यांच्या लेकीने ते परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच उघडलं.

“बाबा, फिरत्या चाकाच्या या उदाहरणात तिसऱ्या ओळीनंतर तुम्ही लिहिलंय, ‘यावरून सहज दिसते की’, आणि पुढे एकदम उत्तर! मला तर काहीच दिसत नाहीये.”

“डोकं वापरलं तर दिसेल ना! आण इकडे.”

बाबांनी चष्मा चढवला. चहा निवून गेला, टेबलावर खाडाखोड केलेल्या कागदांचा ढीग झाला, तरी पुस्तकातलं ते उत्तर काही येईना. शेवटी त्यांनी पुस्तकाच्या सहलेखकाला, म्हणजे आपल्या जुन्या मित्राला, फोन लावला.

“अरे, ती ओळ तुझीच होती ना?” मित्र गडबडून म्हणाला. “मी तर तुझ्या भरवशावर पुढे गेलो!”

लेकीने तो धडा मुकाट्याने ऑप्शनला टाकला.

 

पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीत ते उदाहरण आता ‘विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे’ या मथळ्याखाली आहे, आणि त्यापुढे कंसात छापलंय, ‘अत्यंत सोपे’.