पाडव्याचं तेल

पाडव्यालाही शेठजींनी रूपरावला सुट्टी दिली नाही. वर सुनावलं, "दोन्ही टाइम पोटभर जेवते ना इथं? अजून काय पायजे तुले?"

कारंज्याच्या हमरस्त्यावरच्या शेठजींच्या हॉटेलात रूपराव मुकाट्यानं भजी तळत होता. तेवढ्यात त्याची बायको भागीरथा आली. तिनं भर गिऱ्हाइकांत पाट मांडला, हातावर तेल ओतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा."

"ओ बाई, हे हॉटेल आहे!" शेठजी ओरडले.

"मले काय सांगता?" भागीरथा कडाडली. "सणावाराले माणूस घरी सापडत नाई. मंग तेल कोणाले लावू, चौकटीले?"

रूपरावनं झारा ठेवला, सदरा काढला आणि तो पाटावर बसला.

"रूपराव, भजे जळून राह्यले!"

"तुम्हीच काढा, शेठजी. मी घरी आहो."