निघेचना तो हात

पहिली फेरी जिंकून रोबोट टेबलावर परतला. आता ठोकळे उचलणारा हात काढायचा, ढकलणारं फावडं लावायचं आणि लगेच दुसरी फेरी. केतकीने हात ओढला, पण तो निघेचना. सांध्यात फेविक्विक वाळून दगड झालं होतं.

"कोणी केलं हे?"

"मी," तिच्याच टीममधली नसीम म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? हात बदलता यायला हवा, एवढंही कळत नाही?"

"कळतं. पण सरावात तो गळून पडला, तेव्हा सगळ्यांदेखत तूच ओरडलीस, पुन्हा निखळला तर टीममधून हाकलून देईन म्हणून."

शिट्टी झाली. समोरच्या टीमचा रोबोट निघालासुद्धा.

"अगं, मग मला आधी विचारायचंस ना!" केतकी किंचाळली.

"तुला?" नसीमने हातातलं फावडं टेबलावर आपटलं. "तुला विचारायची हिंमत आहे कोणाची?"