चौकड्याचा शर्ट

बर्फ पडायला लागला आणि टीव्ही गेला.

"घ्या!" भागूबाई म्हणाली. "लग्नाचं इचारायच्या टायमालाच बराबर जातो मेला."

डोळ्याच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून ती पलंगावर बसली होती. डोळ्यात थेंब घालायला लेक करुणा पुण्याहून रजा काढून आली होती. करुणा तिकडे मोठ्या दवाखान्यात नर्स. कळमनुरीच्या शाळेत खिचडी शिजवून शिजवून भागूबाईनं तिला तिथवर पोचवली होती. नवरा गेल्यापासून घरात भागूबाई एकटीच. सोबतीला टीव्ही, आणि डिसेंबर आला की टीव्हीवर हिंदीत बोलणाऱ्या गोऱ्या लोकांचे नाताळाचे सिनेमे.

सिनेमे कसले, एकच सिनेमा. रोज दुपारी नाव बदलून लागायचा. शहरात नोकरी करणारी पोरगी सुटीला गावी येते. उंच टाचांच्या बुटात बर्फावर घसरते. तिला एक जण झेलतो. त्याच्या अंगात चौकड्याचा शर्ट असतो आणि पोरीला झेलण्यापलीकडे त्याला काही काम नसतं. शहरातून पोरीला साहेबाचे फोन येत राहतात. शेवटी पोरगी नोकरीवर पाणी सोडते आणि गावातच राहते.

भागूबाईला यातलं एक पटेल तर शपथ.

"कोणी राबताना दिसत न्हाई. नुसते केक खाऊन राहिले. पोरगं कोणाचं हाय, काय कमवतं, कोणी इचारत न्हाई. अन् दरवेळी पोरीची माय मेलेली! एका बी सिनेमात जित्ती माय न्हाई. काय रोग आला का काय त्या गावाला!"

"मग पाहतीस काहून?" करुणानं विचारलं होतं.

"कोणी कोणावर वरडत न्हाई. अन् शेवटाला समदे एका घरात असतात, लायटिंग लावून. बरं वाटतं मला."

पहिल्या दिवशी करुणा पोट धरून हसली. नंतर मात्र जेवणाची भांडी तशीच टाकून वेळेवर येऊन बसायला लागली.

आणि तेव्हापासूनच टीव्ही जायला लागला. टीव्ही गेला की करुणा भीमराजला फोन करायची. भीमराज शाळेत तिच्या वर्गात होता. आता वारंगा फाट्यावर त्याचं डिश बसवायचं दुकान होतं. हातातलं काम टाकून तो मोटारसायकलवर यायचा, "जय भीम, मावशी" म्हणायचा आणि थेट गच्चीवर जाऊन डिशची छत्री फिरवायला लागायचा. चित्र आलं का ते सांगायला करुणा त्याच्यामागं गच्चीवर जायची. टीव्ही खाली होता. पण त्या दोघांना त्यात काही खटकायचं नाही.

आजही भीमराज आला. अंगात नवा शर्ट होता, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. चौकड्याचा. भागूबाईनं चष्म्याआडून तो नीट बघून घेतला.

दोघं वर गेली. पलंगावर करुणाचा फोन वाजला. भागूबाईनं उचलला.

"करुणा, सोमवारी हजर होताय ना?" पुण्याच्या मॅडम होत्या. "आयसीयूची इन्चार्ज म्हणून तुमचं नाव दिलंय. उत्तर का देत नाही? आज कळलं नाही, तर दुसरीला घ्यावं लागेल."

"मी तिची माय बोलून राहिले," भागूबाई म्हणाली. "येते ती. पक्कं धरा."

फोन ठेवून ती उठली. टीव्हीखालच्या डिशच्या डब्यामागं हात घातला, निघालेली पिन दाबून बसवली. चित्र आलं. दुसरा सिनेमा लागला होता. फरक काही नव्हता. ती पुन्हा पलंगावर जाऊन बघत बसली. गच्चीवरचं काम चालूच राहिलं. मधूनच वर हसल्याचा आवाज येत होता.

ऊन उतरल्यावर भीमराज चहा पिऊन गेला. त्याला वळणापर्यंत डोळ्यांनी सोडून करुणा दारातून आत आली आणि आईजवळ बसली.

"माय, मी न्हाई जात आता. इथल्याच दवाखान्यात बघते काहीतरी. तुझ्याजवळ राहते."

भागूबाईचं काळीज सुपाएवढं झालं. हे ऐकायला ती किती वर्षं कान लावून बसली होती. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठून तिची बॅग पलंगावर आणली आणि दोरीवरचे कपडे घड्या करून आत ठेवायला लागली.

"मॅडमचा फोन आला होता. उद्याच्या गाडीनं निघ."

"अगं पण..."

"पिन तू काढतीस. चष्मा काळा हाय, डोळा नवा हाय माझा. अन् तो बी कसला डिशवाला? आधी पिन बघायची सोडून गच्चीवर पळतो. पोरगं गुणाचं हाय, माझं काही म्हणणं न्हाई. त्याला म्हणावं, छत्र्या पुण्यात बी हायत."

करुणा लाजली, मग रडकुंडीला आली. "अन् तू? एकटीच राहशील?"

"एकटीच. तकलीफ तं व्हईनच. रडीन बी." भागूबाईनं चष्म्याखालून पदर फिरवला.

टीव्हीवर बर्फ पडायला लागला होता. पोरगी हातातली बॅग टाकून चौकड्याच्या शर्टाकडे पळत निघाली.

"बघ, ती राहिली," करुणा रुसून म्हणाली.

"राहणारच." भागूबाईनं बॅगेची चेन ओढली. "गाडीत बसवून द्यायला तिची माय कुठं जित्ती हाय?"