हद्दवाढीचा नवस

"नाकाला पदर लाव, मगच मागचं दार उघड," सासूबाई रोज बजावायच्या. परसामागेच गावाचा कचरा पेटवत. त्या धुरानं त्यांचा दमा बळावला, तेव्हा मी डोंगरावरच्या यमाईला नवस बोलले, धूर थांबला तर अनवाणी चालत येऊन तुझी ओटी भरेन.

गाव महापालिकेत जाणार म्हटल्यावर गावपण जाईल या भीतीनं विरोधाच्या अर्जावर पहिली सही मीच केली. तरी हद्द वाढली, घंटागाडी आली आणि कचरा पेटवणं बंद झालं.

काल सासूबाई परसात मोकळा श्वास घेत म्हणाल्या, "तुझ्या सहीला देवीनं जुमानलं नाही गं."

"उपकारच तिचे," मी म्हटलं.

आज ओटीचं ताट घेतलं, तर म्हणाल्या, "डोंगरापर्यंत आता बस जाते की."

मी हसून चपला दाराशीच ठेवल्या आणि चालू लागले.