बरंय

सकाळी अच्युतरावांना टूथपेस्टची ट्यूबच दाबता येईना. दोन्ही हातांची बोटं जड होऊन ठणकत होती, मूठ काही केल्या वळत नव्हती. पाहावं तर हात नेहमीसारखेच. एकही सांधा सुजलेला नाही.

आदल्या संध्याकाळी डॉ. मुजावरांनी दवाखान्यात नवरा-बायकोच्या मनगटांवर एकेक पट्टा बांधला होता. शरयूताईंचा आमवात त्यांच्या सांध्यांत काय करतो, ते आता अच्युतरावांच्या हातांना कळणार होतं. कारण डॉक्टरांनी 'कसं वाटतंय?' असं विचारलं, की शरयूताई दर तपासणीला एकच शब्द बोलायच्या.

पण त्या तर ओट्याशी उभ्या राहून कणीक मळत होत्या!

"अगं, तुला काही होतंय का?"

"छे, बरंय."

अच्युतराव पुरते गोंधळले. एवढं दुखत असताना कणीक कोण मळेल? म्हणजे पट्टा बिघडला असणार. की हे दुखणं आपलंच? पट्टा काढून पाहावा, तर बोटांना बक्कल सुटेना.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. अच्युतरावांनी तो दोन तळव्यांत कसाबसा धरला.

"काका, कसं वाटतंय?"

दात आवळून, सवयीने ते म्हणाले, "बरंय."

शरयूताईंनी कणकेच्या हातानेच फोन ओढून घेतला.

"यांच्या बरंयवर जाऊ नका हो, डॉक्टर! जीव जातोय त्यांचा. सकाळी हे हात किती दुखतात, ते मला विचारा!"

"तेच तर विचारतोय, काकू," डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं."