खिळ्यावरचे पट्टे

सोनारीच्या जत्रेला माणसं भरून निघालेली धनाजीची पिकअप चढाला दम टाकत होती, म्हणून इरशाद मिस्त्रीनं डायनामोचा पट्टाच काढून गॅरेजातल्या खिळ्याला अडकवला. "इंजिनवरचा भार गेला. दिवसा लाईट कशाला लागतो? बॅटरी पुरंल."

तासाभरानं धनाजीचा फोन आला. "मिस्त्री, घाट लई झ्याक चढली. आता उताराला लागलोय. ब्रेक तेवढा दगडावानी कडक झालाय, दाबतच न्हाई."

डायनामो फिरला तरच ब्रेकला जोर देणारा पंप फिरतो, हे इरशादला तेव्हा आठवलं.

"धनाजी, गाडी थांबीव."

"तेच करतोय, मिस्त्री."

इरशादनं खिळ्याकडं बघितलं. धनाजीच्या पट्ट्याखाली सकाळपासून जत्रेच्या गाड्यांचे काढलेले आणखी चार पट्टे होते.