शेताचं ठिगळ

विमानांना आता खिडक्या राहिल्या नव्हत्या. उपग्रहाच्या फोटोंतून वैमानिकाला पडद्यावर दिसेल तीच जमीन, आणि त्या जमिनीवरचे डाग काढायचं काम रेवती उमरेचं. काल कोळशाच्या खाणीजवळ एक काळा डाग दिसला, तेव्हा तिने ढगाची सावली समजून नेहमीसारखं शेजारच्या शेताचं ठिगळ त्यावर लावून टाकलं होतं.

आज उपग्रहाचा नवा फोटो आला. डाग तिथेच होता, तसूभरही हललेला नव्हता. ढगाची सावली अशी एका जागी मुक्काम ठोकत नाही. तो खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर होता, आणि उतरायला निघालेलं एक विमान या क्षणी खालून त्याच्याच दिशेने येत होतं.

तिने माइक ओढला. "कॅप्टन टेमुर्डे, विमान वर घ्या! आत्ता!"

"का हो मॅडम? समोर हिरवंगार शेत आहे."

"ते शेत मी चिकटवलंय! वर घ्या म्हणते ना!"

इंजिन किंचाळल्याचं तिला ऐकू आलं. तिने ठिगळ काढलं. पडद्यावर, विमानाच्या अगदी पोटाखाली, काळा डोंगर उगवला आणि मागे पडला.

विमान पुन्हा सरळ झालं.

"मॅडम," टेमुर्ड्यांनी हळूच विचारलं, "पुढची धावपट्टी तरी खरी आहे ना?"

उत्तर देण्याआधी रेवतीने कालच्या ठिगळांची यादी उघडली.